तीस नंबरची गोटी

निषाद, सानिका,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निषादने मला नवीन टूल सेट दाखवला. काळी पेटी, आत लाल अस्तर, दोनशेच्या वर तुकडे, सगळे आरशासारखे. "आजी, लाइफटाइम वॉरंटी आहे," असं तू म्हणालास. येत्या शनिवारी बाबाच्या जुन्या गाडीखाली जाऊन मागचे शॉक ॲब्सॉर्बर स्वतः बदलणार, असंही म्हणालास. मी "छान" म्हटलं आणि विषय बदलला. कॉल संपल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

आज मंगळवार. शनिवारला चार दिवस आहेत, म्हणून हे आत्ता लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले असते तर अर्धंच सांगितलं असतं. सानिका, तुझं मराठी वाचन दादापेक्षा बरं आहे. तो अडेल तिथे तू वाचून दाखव, पण काही गाळू नकोस.

मी सैन्यात होते हे तुम्हाला माहीत आहे. गणवेशातला फोटो तुम्ही पाहिला आहे. पाच वर्षांत मी बाहेर का पडले, हे मात्र तुमच्या बाबालाही नीट सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, त्याच्यासाठी. ते पूर्ण खरं नाही.

तुमचे आजोबा लष्करात मेजर होते. सेवेत असतानाच आजारपणात गेले. तुमचा बाबा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच सुमारास सैन्याने बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली होती आणि सैनिकांच्या विधवांना वयात सवलत होती. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलेलं. अर्ज केला, निवड झाली, चेन्नईला प्रशिक्षण झालं. बाबाला फणसवाडीत माझ्या आईकडे ठेवलं. करार पाच वर्षांचा होता. अहवाल चांगला असेल तर मुदत वाढून मिळे. त्याला एक्स्टेन्शन म्हणत. चौथ्या वर्षी घरच्या कारणावरून मला मुंबईत पोस्टिंग मिळालं.

युनिट म्हणजे कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे असलेलं एक छोटं वर्कशॉप. शहरातल्या लष्करी गाड्या तिथे दुरुस्तीला येत. मी कॅप्टन, स्टोअर्स ऑफिसर. वर्कशॉपमधला प्रत्येक पाना माझ्या सहीने बाहेर जाई आणि माझ्या सहीने परत येई. पान्यांबद्दल मला काहीही माहिती नव्हती. मला नोंदवही ठेवता येत होती आणि अक्षर चांगलं होतं.

०७३० ला फॉल-इन, म्हणजे हजेरी. ०८०० ला टूल इश्यू. १३०० ते १३४५ जेवण. १६३० ला टूल चेक. भिंतीवर एक मोठा पांढरा बोर्ड होता. त्यावर प्रत्येक पान्याची काळी आकृती रंगवलेली. पाना जागेवर असला की आकृती झाकली जाई. नसला की पांढऱ्यावर काळं भोक दिसे, आणि ते भरेपर्यंत कोणी घरी जात नसे. मला हा बोर्ड फार आवडायचा. एका नजरेत सगळं समजतं, असं वाटायचं.

वर्कशॉपचे सीनियर मेकॅनिक हवालदार रघुनाथ परब. वय एकेचाळीस. मूळ मालवणकडचे, घर लालबागला. वडील गिरणीत फिटर होते. परब उंचीने कमी, मनगटं रुंद. माझ्याशी मराठीत बोलायचे, इतरांसमोर हिंदीत. पहिल्याच आठवड्यात मी एका इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, सॉकेटला स्पॅनर लिहिलं. ते स्टोअरमध्ये आले आणि दारात उभे राहिले.

"मॅडम, राग येणार नसेल तर एक सांगू?"

"सांगा."

"तुम्ही जे मागवलंय ते आलं तर आम्हाला ते परत करायला दुसरा इंडेंट लागेल."

मी म्हटलं, "मग शिकवा."

"शिकवतो. पण हात काळे होतील. घरी आई ओरडतील."

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं ते मला शिकवायचे. गॅरेजमध्ये सॉकेटला गोटी म्हणतात, हे मला त्यांच्याकडून समजलं. ते दोन गोट्या हातावर ठेवायचे आणि विचारायचे, कुठली घ्याल. मी नेहमी चकचकीत दाखवायचे. ते मान हलवायचे.

"मॅडम, तोंडावर जाऊ नका. तोंडात बघा."

गोटीच्या तोंडात सहा कोन असतात किंवा बारा. बारा कोनांची पटकन बसते, म्हणून नवख्याला आवडते. पण घट्ट नटवर जोर लावला की तिची पकड नटाच्या कोपऱ्यांवर येते, कोपरे झिजतात आणि ती घसरते. सहा कोनांची नटाच्या सपाट बाजू धरते. मग भिंतीची जाडी बघायची, चारी बाजूंनी सारखी आहे का. मग आकडा बघायचा. तो ठोकून खोल उमटवलेला हवा, वरवर छापलेला नको. बनवणाऱ्याचं नाव हवं. "ज्याला स्वतःचं नाव टाकायची लाज वाटते, त्याच्या गोटीवर मी माझा हात का टाकू?" असं परब म्हणायचे. शेवटी गोटी नटवर बसवून हलवायची. खडखड आवाज आला तर ती परत द्यायची.

आणखी एक ते पुन्हा पुन्हा सांगायचे. रॅचेट, म्हणजे कटकट करत एकाच दिशेने फिरवणारा दांडा, नट फिरवण्यासाठी असतं, घट्ट नट पहिल्यांदा सोडवण्यासाठी नसतं. त्यासाठी साधा लांब दांडा घ्यायचा. जोर आपल्याकडे ओढून लावायचा, ढकलून नाही. ढकलताना सुटलं तर माणूस पुढे जातो.

आता त्या दुसऱ्या सेटबद्दल.

बोर्डावरचा सेट सरकारी इश्यूचा होता. मळकट राखाडी, जाड, जड. तो उत्तम होता, म्हणूनच त्याची काळजी होती. एक गोटी हरवली किंवा फुटली तर चौकशी, अहवाल, नवी गोटी मागवणं, महिनोन्महिने बोर्डावर काळं भोक. आणि इन्स्पेक्शनमध्ये ते भोक सगळ्यात आधी दिसणार. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. बोर्ड पूर्ण ठेवायचा. रोजच्या कामाला बाजारातून घेतलेला सेट वापरायचा. त्याला वर्किंग सेट म्हणत. अगदीच अडलं तर बोर्डावरचं घ्यायचं आणि लगेच पुसून परत लावायचं.

मला यात काही वावगं वाटलं नाही. फणसवाडीच्या घरात आमच्या शोकेसमध्ये निळ्या फुलांच्या बारा कपबशा होत्या. माझ्या जन्माआधीच्या. त्यातून आम्ही कधी चहा प्यालो नाही. पाहुणे आले तरी आई आधी कोण आहेत ते बघायची आणि बहुतेकांना स्टीलचे कप द्यायची. चांगलं ते ठेवायचं, वापरायचं ते दुसरं, हे मी घरूनच शिकून आले होते. युनिटमध्ये तेच दिसलं तेव्हा मला ती शिस्त वाटली.

पावसाळा संपल्यावर जुना वर्किंग सेट झिजून गेला. सी.ओ., म्हणजे आमच्या युनिटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल, मला म्हणाले, "कॅप्टन, यू पिक वन." मी नागदेवीच्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "गिफ्ट द्यायचाय का वापरायचाय?" मी म्हटलं, वापरायचाय. त्याने एक मळकट, पंचवीसेक तुकड्यांचा सेट पुढे सरकवला. मला वाटलं, जुना माल गळ्यात मारतोय. मी वरच्या फळीवरची पेटी मागितली. एकशेआठ तुकडे, प्रत्येकाला आपली खाच, एकही जागा रिकामी नाही. ती पेटी मला बोर्डासारखीच वाटली. मी तीच घेतली.

परबांनी झाकण उघडलं. बराच वेळ बघितलं.

"एकशेआठ? जपाला घेतलाय का मॅडम?"

"चांगला नाही?"

"डबा चांगला आहे." त्यांनी एक गोटी उचलून तोंडात बघितलं. "बारा कोनांच्या आहेत सगळ्या. नाव कुठेच नाही."

"परत करू?"

त्यांनी गोटी खाचेत परत ठेवली. मी तो सेट स्वतः जाऊन आणला होता, दुसऱ्या दिवशी सी.ओ.ना दाखवणार होते. त्यांना ते माहीत होतं.

"राहू द्या. लहान कामाला चालेल. मोठ्याला लावायचा नाही एवढं लक्षात ठेवू."

मी ते लक्षात ठेवलं नाही.

दोन महिन्यांनी वार्षिक इन्स्पेक्शन जाहीर झालं. ब्रिगेडियर येणार होते. माझ्या एक्स्टेन्शनचा कागद त्याच महिन्यात वर जायचा होता आणि त्यावर सी.ओ.ची शिफारस लागणार होती. बाबा तेव्हा दहा वर्षांचा होता. आईला दम्याचा त्रास सुरू झाला होता. ही नोकरी गेली तर पुढे काय, याचा विचार मी रोज करत होते.

इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये काम कमी आणि रंग जास्त चालला होता. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. आगीच्या बादल्या लाल झाल्या. गाडी उचलल्यावर तिच्या चौकटीखाली जे जाड लोखंडी स्टँड लावतात, ज्यांना आम्ही घोडे म्हणायचो, तेही पिवळे रंगवून भिंतीशी ओळीने सुकत ठेवले. आदल्या दिवशी सकाळी मी त्या ओळीवरून नजर फिरवली. आठ घोडे, सारख्या अंतरावर. मला समाधान वाटलं.

त्या दिवशी एकच मोठं काम बाकी होतं. एका ॲम्ब्युलन्सच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे तुटले होते. इन्स्पेक्शनला सगळ्या गाड्या चालू स्थितीत एका ओळीत उभ्या दिसायला हव्या होत्या. सी.ओ.नी वेळ दिली होती, १६००. परब सकाळी ०८१० पासून गाडीखाली होते. पाटे ज्या बोल्टांनी आवळलेले असतात त्यांचे नट तीस नंबरचे. परबांनी बोर्डावरची तीस नंबरची गोटी माझ्या सहीने नेली होती. डावी बाजू त्यांनी पूर्ण केली.

१००० ला सी.ओ.नी रंगीत तालीम घेतली. बोर्डासमोर थांबले. पांढऱ्यावर एक काळं वर्तुळ दिसत होतं.

"व्हॉट इज धिस?"

"सर, सॉकेट इश्यूवर आहे. ॲम्ब्युलन्सच्या कामाला."

"बोर्ड पूर्ण करा आणि सील करा. उद्यापर्यंत इथून काही हलणार नाही."

"येस सर."

१०२० ला मी यार्डात गेले. परब गाडीखालून बाहेर आले, उठून उभे राहिले.

"परब, गोटी द्या. बोर्ड सील होतोय."

"मॅडम, उजवी बाजू बाकी आहे."

"वर्किंग सेटमध्ये तीस नंबर आहे."

"आहे."

"मग?"

"नावाला आहे मॅडम. हे नट वर्षानुवर्षं गंजलेत. ती गोटी फुटेल. ही राहू द्या, चारला मी स्वतः पुसून आणून लावतो."

"सी.ओ. साहेबांची ऑर्डर आहे."

"उद्या मिळेल?"

"उद्या बारानंतर."

"आणि गाडी?"

"गाडी आज चारला लाइनीत."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. गणित मांडून बघावं तसं. मग त्यांनी सुताच्या बोळ्याने गोटी पुसली, आतूनही पुसली, आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"घोडे तरी मिळतील का?"

मी भिंतीकडे बघितलं. "रंग ओला आहे, परब."

"बरं. लाकडाचे ठोकळे लावतो."

मी गोटी नेऊन बोर्डावर लावली. काळं वर्तुळ झाकलं गेलं. बोर्डावर दोन्ही बाजूंनी कागदाची पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर सही केली.

१४०५ ला मी स्टोअरमध्ये नोंदवही तपासत होते. दोन आवाज आले. पहिला बारीक, काचेचा पेला फुटावा तसा. दुसऱ्याबद्दल मी लिहीत नाही. मग ड्रायव्हर यादव दारात आला.

"मॅडम, परब साब नीचे हैं."

गोटी फुटली होती. परबांनी सगळा भार लांब दांड्यावर टाकला होता. तो एकदम सुटला. त्यांचा खांदा जॅकवर आदळला, जॅक कलंडला, लाकडाचे ठोकळे घसरले. आठ जणांनी दुसरा जॅक लावून गाडी उचलली. त्याला चार मिनिटं लागली. दोन घोडे कोणीतरी भिंतीपासून उचलून आणले आणि खाली सरकवले. उचलणाऱ्यांचे हात पिवळे झाले होते.

गाडी उचलणं चालू असतानाच मी हॉस्पिटलला फोन लावला.

"वर्कशॉप. ॲम्ब्युलन्स पाठवा. एक कॅज्युअल्टी."

"तुमच्याकडे एक आहे ना?"

"ती उपयोगाची नाही."

"का?"

"तो तिच्याखाली आहे. दुसरी पाठवा."

ॲम्ब्युलन्स १४२२ ला आली. १४५० ला डॉक्टरांनी परबांना मृत घोषित केलं.

संध्याकाळी मी यार्डात गेले. फुटलेल्या गोटीचा अर्धा भाग अजून नटवर अडकलेला होता. उरलेले दोन तुकडे जमिनीवर होते. वरची चकाकी कांद्याच्या सालीइतकी पातळ होती. आतलं लोखंड खडूसारखं भुरकट, दाणेदार. मी ते तुकडे उचलून पाकिटात घातले आणि पाकिटावर वेळ लिहिली.

इन्स्पेक्शन आठ दिवस पुढे गेलं. तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. तीन अधिकारी, एक टेबल, समोर एक खुर्ची. आत जाण्याआधी सी.ओ.नी मला बोलावलं. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही, हे मी स्पष्ट लिहिते.

"परब अनुभवी माणूस होता," ते म्हणाले. "टूल योग्य नाही असं वाटलं तर काम थांबवणं त्याचं काम होतं. ॲग्री?"

मी त्यांच्या टेबलावरच्या फायलींकडे बघत होते.

"तुमचा एक्स्टेन्शनचा कागद माझ्या टेबलावर आहे. मला तो चांगल्या शेऱ्याने पाठवायचा आहे."

कोर्टाने विचारलं, "स्टँड का लावले नव्हते?"

"रंग ओला होता, सर."

"हवालदार परबने इश्यू सॉकेट वापरायची परवानगी मागितली होती का?"

यार्डात त्या वेळी आम्ही दोघंच होतो. आमचं बोलणं तिसऱ्या कोणी ऐकलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला आठवत नाही, सर."

क्लार्कने ते टाइप केलं. टाइपरायटरचा आवाज मला अजून ओळखू येईल.

पाचव्या दिवशी मी लालबागला परबांच्या घरी गेले. साडी नेसून गेले, गणवेशात नाही. चाळीचा दुसरा मजला, गॅलरीत चपलांची रांग. त्यांच्या पत्नी सुनंदाताई जमिनीवर बसल्या होत्या. वय पस्तीस-छत्तीस. सासू आत निजलेल्या. त्यांनी मला खुर्ची दिली. मी खालीच बसले. चहा आला. कोणी प्यालं नाही.

"काल दोन साहेब आले होते," सुनंदाताई म्हणाल्या. "म्हणाले, चुकीचा पाना लावला म्हणून झालं. चौकशीत तसंच आलं तर पेन्शनचं अवघड होईल म्हणाले."

मी पदर सावरला.

"ह्यांच्या वडलांनी आयुष्यभर गिरणीत पाने चालवले. हे शाळेतून आल्यावर पाने पुसायला बसायचे. ह्यांनी चुकीचा पाना लावला? असं व्हायचं नाय."

"नाही," मी म्हटलं.

"त्या दिवशी निघताना म्हणाले, आज गोटी काढून घेतील बघ, इन्स्पेक्शन आहे. मी म्हटलं, मागून घ्या. म्हणाले, मागतो की. मॅडम बऱ्या आहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"त्यांनी मागितली का हो?"

कोर्टाने हाच प्रश्न विचारला होता. तिथे मी उत्तर शोधलं होतं. इथे शोधायला जागा नव्हती.

"मागितली," मी म्हटलं. "दोनदा. मी दिली नाही."

त्या रडल्या नाहीत. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे तिथे सांगाल?"

"सांगेन."

"लिहून?"

"लिहून."

"मग आता जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "सासूबाई उठल्या तर मला त्यांना सांगावं लागेल तुम्ही कोण ते."

दुसऱ्या दिवशी ०९०० ला मी कोर्टासमोर जाऊन जबाब बदलायची परवानगी मागितली. पीठासीन अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"कॅप्टन, तुम्ही काय करताय हे समजतंय ना?"

"येस सर."

मी १०२० चं संभाषण सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसंच. वर्किंग सेट मी निवडला होता आणि परबांनी तेव्हाच नाव नसल्याचं दाखवून दिलं होतं, हेही सांगितलं. पाकीट टेबलावर ठेवलं. क्लार्कने टाइप केलं. मी सही केली.

निकाल असा आला. हवालदार परब कर्तव्यावर असताना मृत्यू पावले. त्यांच्याकडून निष्काळजीपणा झालेला नाही. मला लेखी ठपका मिळाला. सी.ओ.नासुद्धा मिळाला. माझं एक्स्टेन्शन मंजूर झालं नाही. मुदत संपल्यावर मी कॅप्टन म्हणूनच बाहेर पडले आणि पुढची वीस वर्षं गिरगावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. मी खरं बोलले म्हणून माझं कौतुक करू नका. मी आधी तीन दिवस खोटं बोलून राहिले होते, आणि सुनंदाताईंनी विचारलं नसतं तर तसंच राहिले असते का, हे मला माहीत नाही.

इन्स्पेक्शन ठरल्याप्रमाणे आठ दिवसांनी झालं. ब्रिगेडियर बोर्डासमोर आले. बोर्ड पूर्ण होता. ते एक क्षण थांबले, म्हणाले, "व्हेरी नीट," आणि पुढे गेले.

निषाद, आता तुझ्यासाठी. तो सेट परत कर. वॉरंटीने तुला दुसरी गोटी मिळेल, हात मिळणार नाही. तुझ्या गाडीला कोणते आकार लागतात ते आधी शोध. आठ-दहाच निघतील. तेवढेच घे, पण सहा कोनांचे, जाड भिंतीचे, बनवणाऱ्याचं नाव खोल उमटलेले. सोबत एक साधा लांब दांडा घे. दांड्याला पाइप लावून लांबवू नकोस. नट हलत नसेल तर तेल घाल आणि उद्यापर्यंत थांब. कुठल्याही शनिवारी अशी कुठलीही गाडी नसते जी रविवारपर्यंत थांबू शकत नाही.

पान्यांच्या आधी दोन भक्कम स्टँड घे. गाडी जॅकवर असेपर्यंत तिच्याखाली हातसुद्धा घालायचा नाही. स्टँड लावल्यावर गाडीला धक्का देऊन बघ, मग बाबाला देऊ दे, मगच खाली जा. सानिका, दादा खाली असेल तेव्हा तू फोन घेऊन बाजूला उभं राहायचं. कंटाळा आला तरी.

आणि चांगलं जे घेशील तेच वापर. त्याला ओरखडे पडू देत, मळू दे. पेटीत नीट लावून ठेवून दुसरं वाईट कामाला घेऊ नकोस. हे वाचून झालं की मला फोन कर. इथे कितीही वाजले असतील तरी चालेल.

हवालदार रघुनाथ परब यांचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही, कारण ते लढाईत गेले नाहीत. शांततेच्या पोस्टिंगवर, दुपारी, घरापासून थोड्याच अंतरावर गेले. वर्कशॉप नंतर दुसरीकडे हललं. त्या जागेला आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत काय आहे ते दिसत नाही. ती ॲम्ब्युलन्स दुरुस्त होऊन पुढे बरीच वर्षं चालली, असं यादवने मला एकदा सांगितलं. डाव्या बाजूचे नट परबांनी आवळले होते तसेच होते. ते कधी सैल झाले नाहीत.

लालबागची चाळ पाडून इमारत झाली. सुनंदाताई तिथे अकराव्या मजल्यावर राहतात. दर नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यावा लागतो. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून गेली काही वर्षं मी त्यांना घेऊन जाते. तुमच्या आजोबांच्या पेन्शनसाठी माझाही दाखला तेव्हाच भरते. आम्ही फार बोलत नाही. मागच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी काही म्हणायच्या आत सुनंदाताई म्हणाल्या, "ह्यांच्या ऑफिसातल्या."

या नोव्हेंबरमध्येही आम्ही जाऊन आलो. मशीनवर त्यांचा अंगठा दोन वेळा उमटला नाही, तिसऱ्या वेळी उमटला. सुनंदाताई हयात आहेत. पेन्शन चालू आहे.